रेडिओ आपला, मग माणसं कुणाची?

संप म्हटलं की आपल्या कपाळाला आधी आठी पडते. बँकेचा संप झाला की पैसे अडकतात, एसटीचा झाला की गावाला जाणं अडतं. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप महिनोन्महिने चालला, तेव्हा आमच्या बचत गटातल्या भाजी विकणाऱ्या बायकांचे जे हाल झाले ते मी जवळून पाहिलेत. पण त्या संपाने एक झालं. लाल गाडीत ड्रायव्हर-कंडक्टर नावाची माणसं असतात, त्यांना घरदार असतं, पगार वेळेवर लागतो, हे घराघरांत बोललं गेलं. शिव्या घालणारेही बोलले आणि बाजू घेणारेही बोलले.

रेडिओतल्या माणसांच्या वाट्याला एवढंही आलं नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांनी देशभर ४८ तासांचा संप केला होता, हे आज आपल्यापैकी किती जणींना आठवतं? आठवणार तरी कसं? शहरात घरोघरी केबल होती. एक चॅनल बंद तर शंभर चालू. जिच्या कामावाचून कुणाचं अडत नाही, तिचं गाऱ्हाणं कोण ऐकणार? घरात राबणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. रोजच्या रोज होणारं काम दिसत नाही. ते थांबलं आणि दुसऱ्याने वेळ निभावून नेली, तर मग ते काम नव्हतंच, असंही लोक म्हणायला कमी करत नाहीत.

म्हणूनच या विषयावर लिहावंसं वाटलं. आकाशवाणीच्या कामगार संघटना काय मागतात, त्यांचं कुठे बरोबर आहे, कुठे मला पटत नाही आणि या सगळ्याशी आपला बायकांचा काय संबंध, हे एकदा नीट बघू या.

आपल्याकडे रेडिओची सुरुवात एका खासगी कंपनीने केली, हे अनेकींना माहीत नसेल. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं आणि तीन वर्षांत, १९३० मध्ये, ती कंपनी बुडाली. संच घेणारे मूठभर, त्यामुळे उत्पन्न तोकडं आणि खर्च मोठा. मग सरकारने ते ओझं उचललं. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं, पुढे ‘आकाशवाणी’ हे नाव रुजलं. ब्रीदवाक्य ठरलं ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. ज्या कामात कुणाला नफा दिसत नव्हता ते काम लोकांच्या पैशातून उभं राहिलं, असा हा सरळ हिशेब आहे.

लोकांचा पैसा म्हणजे अगदी शब्दशः. रेडिओला तेव्हा लायसन्स लागे. पोस्टात जायचं, पैसे भरायचे, पुस्तिकेत नोंद करून आणायची. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत घराच्या कागदपत्रांसोबत ती पुस्तिका जपून ठेवलेली होती. १९८० च्या दशकाच्या मध्यात हे लायसन्स बंद झालं. सर्वसामान्यांची कटकट गेली, चांगलंच झालं. पण पैसे भरायचे सुटले, तसा हक्काने विचारायचा विषयही सुटला. आज आकाशवाणीचा मोठा खर्च सरकारी अनुदानातून होतो. ते अनुदान आपल्याच करातून येतं. काडेपेटी, साबण, मोबाइलचं रिचार्ज, जे जे आपण घेतो त्यातून येतं. तरी आपण म्हणतो, ‘सरकारी रेडिओ’. आपला रेडिओ म्हणत नाही.

या पैशातून काय झालं याचं एकच उदाहरण देते. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, सीताकांत लाड यांची कल्पना. आठवड्याला एक नवं गीत, अशी ५६ गीतं. आज कुठल्या प्रायोजकासमोर असा प्रस्ताव ठेवून बघा. ‘वर्षभर? रोज एपिसोड का नाही? मध्ये ब्रेक कुठे?’ हेच प्रश्न येतील. त्या पैशात आणि त्या वेळेच्या मोकळिकीत जे निर्माण झालं, ते सत्तर वर्षांनंतरही घराघरांत आहे.

आणि ‘गीतरामायण’ तरी ठळक दिसणारं. आपल्या आयांच्या पिढीने मुंबई केंद्रावरचं ‘वनिता मंडळ’ ऐकलं. बाळाला वरचं अन्न कधी द्यावं, हुंड्याविरुद्ध कायदा काय आहे, पोस्टात खातं कसं काढावं, हे ज्या बाईला घराबाहेर पडून विचारायची सोय नव्हती तिला पोळ्या लाटता लाटता कळलं. शेतीच्या कार्यक्रमांनी कीड आणि बियाणं सांगितलं, कोकणातल्या होड्यांना समुद्राचा इशारा दिला. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, मुलांचा अभ्यास मोबाइलवर गेला आणि ज्या घरात एकच मोबाइल, तोही बापाच्या खिशात, त्या घरातली मुलं उघडी पडली. त्या वेळी नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ सुरू झाली. खासगी एफएमवर गाणी आणि गमतीजमती भरपूर असतात, मीही ऐकते. पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही, फार तर आकाशवाणीच्या बातम्या पुनःप्रसारित करता येतात. रेडिओवरच्या बातमीसाठी आपण आजही आकाशवाणीवरच अवलंबून आहोत, हे शहरातल्या मैत्रिणींच्या लक्षात येत नाही.

आता संघटनांकडे येते. २०१० च्या संपात मुख्य मागणी काय होती ठाऊक आहे? प्रसारभारती कायदा रद्द करा आणि आम्हाला परत सरकारी खात्यात घ्या. वरवर पाहता कुणालाही आश्चर्य वाटेल. लोक स्वायत्तता मागतात, हे सोडा म्हणताहेत! पण त्यामागची गोष्ट समजून घ्यायला हवी.

आणीबाणीत, १९७५ ते ७७, आकाशवाणी म्हणजे सरकारचा भोंगा झाली होती. त्या अनुभवाने शहाणं होऊन १९७८ मध्ये बी. जी. वर्गीज समितीने सुचवलं की रेडिओ-टीव्ही सरकारच्या हातातून काढून स्वायत्त संस्थेकडे द्या. बारा वर्षांनी, १९९० मध्ये, प्रसारभारती कायदा संमत झाला. अमलात यायला आणखी सात वर्षं, १९९७ उजाडलं. दरम्यान १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारचीही नाही आणि भांडवलदाराचीही नाही.

कागदावर सगळं छान. प्रत्यक्षात सून वेगळी राहायला निघाली, पण महिन्याचे पैसे सासूच्याच हातून मिळणार, अशातली गत. पगारासाठी अनुदान सरकारचं, मोठ्या नेमणुकांवर वजन सरकारचं. स्वायत्तता नावाला आली. कर्मचाऱ्यांच्या डोक्यावरचं सरकारी छप्पर मात्र खरोखर हललं. आपण केंद्र सरकारचे नोकर की महामंडळाचे? पेन्शनचं काय? बढतीचं काय? वर्षानुवर्षं भरती नाही, निवृत्त होणाऱ्यांच्या खुर्च्या रिकाम्या. अशा वेळी घाबरलेल्या माणसाने जुन्या घराचं दार ठोठावलं तर त्याला हसू नये.

तरीही माझं मत स्पष्ट सांगते. ती मागणी मला पटलेली नाही. नोकरीची सुरक्षितता आणि माइकची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी हव्यात. एकीसाठी दुसरी गहाण टाकायची नसते. मंत्रालयाच्या थेट अंमलाखालचा रेडिओ कसा असतो हे आणीबाणीने दाखवलेलं आहे. संघटनेने ‘आम्हाला परत घ्या’ म्हणण्याऐवजी ‘आम्हाला द्यायचा पैसा कायद्याने बांधून द्या, म्हणजे तो देताना कुणी अट घालणार नाही’ असं म्हटलं असतं, तर ती लढाई आपलीही झाली असती. कारण अट घालून दिलेला पैसा शेवटी बातमीत उतरतो.

पुढे झालं असं की २०११ च्या दुरुस्तीने यातला एक प्रश्न सुटला. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत नोकरीत आलेल्यांना प्रसारभारतीत प्रतिनियुक्तीवर आलेले केंद्र सरकारी कर्मचारी मानलं गेलं. त्यांचं छप्पर पक्कं झालं, संघटनेच्या लढ्याचं ते फळ. आनंदाची गोष्ट. पण एकाच इमारतीत, एकाच माइकसमोर बसणाऱ्या माणसांचे आता थर पडले. वर हे सुरक्षित. मग नंतर आलेले. मग कंत्राटावरचे. आणि सगळ्यात खाली ‘कॅज्युअल’.

हा कॅज्युअल शब्द आपल्या भाषेत इतका सहज आला आहे की त्यातली मेख कळत नाही. आपण जो आवाज आकाशवाणीचा म्हणून ओळखतो, तो अनेक केंद्रांवर या कॅज्युअल निवेदकांचाच असतो. आणि त्यात बायका खूप. माझ्या ओळखीची अशी एक निवेदिका आहे. केंद्राचं नाव लिहीत नाही, तिचं काम जाईल. एम.ए. झालेली, आवाजाची चाचणी रीतसर उत्तीर्ण, पंधरा वर्षांहून जास्त अनुभव. पहाटेची ड्युटी असली की साडेचारला उठून नवऱ्याला स्कूटर काढायला लावते. जिल्ह्यात कुठेही बोलली तर लोक मागे वळून म्हणतात, ‘अहो, तुम्ही रेडिओवरच्या ना?’

आणि तिला काम किती? महिन्याला सहा ड्युट्या. जास्त देत नाहीत, कारण जास्त दिल्या तर उद्या ती कायम करा म्हणेल. मी तिला म्हटलं, ‘अगं, एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही का?’ तर हसून म्हणाली, ‘ताई, विचारलं की पुढच्या महिन्याच्या बुकिंगमध्ये नाव नसतं. काढून टाकलं असं कुणी म्हणत नाही. नुसतं बोलावत नाहीत.’

महिन्याला सहा म्हणजे वर्षाला ७२ दिवस. आता एक हिशेब बघा. बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा म्हणतो, आधीच्या बारा महिन्यांत बाईने किमान ८० दिवस काम केलेलं हवं. ७२ आणि ८०! आठ दिवसांचा फरक. सहा ड्युट्यांची मर्यादा हा आकडा डोळ्यासमोर ठेवून घातली असं मी म्हणत नाही. पण बाईच्या पदरात काय पडलं? सकाळी गर्भवतींनी काय खावं हे सांगणारा कार्यक्रम तिने करायचा आणि स्वतःच्या बाळंतपणात ती कुणाचीच कर्मचारी नाही. माझ्या या मैत्रिणीने दोन्ही वेळा सातव्या महिन्यापर्यंत ड्युट्या केल्या आणि नंतर परत बोलावतील की नाही या काळजीत दिवस काढले. बोलावलं, ते तिचं नशीब.

या मंडळींची स्वतःची संघटना आहे, ऑल इंडिया रेडिओ कॅज्युअल अनाउन्सर अँड कॉम्पिअर युनियन. ती काय करते, यासाठी २०१८ चं शहडोलचं प्रकरण सांगते. मध्य प्रदेशातल्या शहडोल केंद्रावरच्या नऊ कॅज्युअल महिलांनी एका अधिकाऱ्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. देशात ‘मी टू’ची चर्चा जोरात होती तो काळ. अधिकाऱ्याची दिल्लीला बदली झाली आणि या नऊ जणींचं काम बंद झालं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं आकाशवाणीचं म्हणणं. पण नऊ जणींना तो संबंध दिसणार नाही का? संघटनेने हा विषय उचलला, वरपर्यंत पत्रं लिहिली, म्हणून तो वर्तमानपत्रांत आला. नाहीतर शहडोलचं नाव कुणाच्या कानावर पडणार होतं? २०१३ चा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा कायदा हंगामी आणि रोजंदारीवरच्या बाईलाही संरक्षण देतो. मात्र ज्या बाईला काढायची गरजच नाही, नुसतं बोलावलं नाही की झालं, ती तक्रार करायला धजावणार कशी? म्हणून नोकरीच्या अटी हा नुसता पगाराचा विषय नाही. बाईच्या अब्रूचा आणि हिमतीचा विषय आहे.

‘सरकारकडे पैसा नाही हो,’ असं ऐकवलं जातं. पैसा अगदीच नाही असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रसारभारतीच्या पायाभूत सुविधांसाठी २०२५-२६ पर्यंत २,५३९.६१ कोटी रुपये मंजूर केले. नवे ट्रान्समीटर, एफएमचा विस्तार, दुर्गम भागांत आठ लाखांहून अधिक फ्री डिशचे सेट टॉप बॉक्स. एफएम ८० टक्के लोकसंख्येपर्यंत नेण्याचं उद्दिष्ट. याचं मी स्वागत करते. पण नळजोडणी दिली आणि विहीर आटू दिली तर कसं व्हायचं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गडचिरोलीच्या टोकापर्यंत लहरी पोचल्या, तरी तिथल्या बाईला तिच्या बोलीत बोलणारं कुणी त्या स्टुडिओत बसलेलं असायला हवं. आकाशवाणी स्वतःच अभिमानाने सांगते की ती २३ भाषा आणि १७९ बोलींमधून बोलते. त्या १७९ बोली यंत्र बोलत नाही, जिल्ह्या-जिल्ह्यातली माणसं बोलतात.

आणि त्याच काळात आवळाआवळही चालू होती. डिसेंबर २०१८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी आणि अहमदाबाद, हैदराबाद, लखनौ, शिलाँग, तिरुवनंतपुरम इथल्या प्रशिक्षण अकादमी बंद करायचं ठरलं. नवी माणसं घ्यायची नाहीत आणि आहेत त्यांना शिकवायचंही नाही, असाच त्याचा अर्थ निघतो. जून २०२३ मध्ये तर घाव आपल्या दारात आला. पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा निर्णय झाला. ज्या केंद्राच्या सकाळच्या बातम्यांवर पुणे जिल्ह्यातली घड्याळं लावली जात, जिथून सुधा नरवणे यांचा आवाज महाराष्ट्रभर पोचला, तो विभाग!

तेव्हा मात्र वेगळं घडलं. श्रोते बोलले. साहित्यातली मंडळी बोलली, वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी बोलले, वर्तमानपत्रांनी लावून धरलं. काही दिवसांतच केंद्रीय मंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. मला यातून एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. २०१० मध्ये कर्मचारी एकटे होते, म्हणून त्यांचा संप लोकांच्या लक्षातही राहिला नाही. २०२३ मध्ये त्यांच्यासोबत श्रोते होते, म्हणून बातम्या वाचल्या.

ग्रीस देशातही असंच दिसलं. ११ जून २०१३ ला तिथल्या सरकारने काटकसरीचं कारण देऊन सार्वजनिक रेडिओ-टीव्ही, ‘ईआरटी’, एका दिवसात बंद केला. दुपारी घोषणा, रात्री पडदा काळा. अडीच हजारांहून जास्त लोक एका फटक्यात बेकार. पण कर्मचारी घरी गेले नाहीत. त्यांनी अथेन्सच्या मुख्यालयातच ठाण मांडलं आणि इंटरनेटवरून प्रसारण चालू ठेवलं. लोक त्या आवारात जमले, वाद्यवृंदाच्या कलाकारांनी डोळे पुसत वादन केलं. नोव्हेंबरात पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं, तरी लढा थांबला नाही. बरोबर दोन वर्षांनी, ११ जून २०१५ ला, ईआरटी पुन्हा सुरू झाली. उलट अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये संसदेने सार्वजनिक रेडिओ-टीव्हीला मंजूर असलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. त्याची खरी झळ खेड्यापाड्यांतल्या लहान केंद्रांना, कारण मोठ्या शहरातल्या केंद्रांना देणगीदार मिळतात. गरिबाच्या घरचा दिवा आधी विझतो, तो कुठल्याही देशात.

आता दोन आक्षेप. मैत्रिणींशी बोलताना हे हमखास येतात.

पहिला, ‘आता रेडिओ ऐकतो कोण?’ उत्तर असं की आपण ऐकत नाही म्हणजे कुणीच ऐकत नाही असं नसतं. आमच्या गटातल्या शेतमजूर बाया खुरपायला जाताना मोबाइलवर किंवा छोट्या संचावर रेडिओ लावतात. त्याला डेटा लागत नाही. वीज गेली तरी तो बोलतो. दिसत नाही अशी एखादी बाई, जिचा नवरा तिच्या हातात फोन देत नाही, तिच्या कानावर जगाची खबर रेडिओवरून येते. ती सर्वेक्षणात ‘ग्राहक’ म्हणून मोजली जात नाही, कारण तिच्याकडे खर्चायला पैसे नाहीत.

दुसरा आक्षेप, ‘तो तर सरकारचीच री ओढतो, त्याला कशाला पैसे द्यायचे?’ या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. बातम्या ऐकताना मलाही चीड येते. पण गावातली सरकारी शाळा नीट चालत नाही म्हणून आपण ती बंद करा म्हणतो का? आपण शिक्षक मागतो, तपासणी मागतो, शाळा समितीत जाऊन बसतो. शिवाय ज्याचं पुढच्या महिन्याचं बुकिंग साहेबाच्या मर्जीवर आहे, तो माणूस माइकवर निर्भीड बोलेल ही अपेक्षाच चुकीची आहे. निर्भीड रेडिओ हवा असेल तर आधी त्यातल्या माणसाची भीती घालवावी लागेल.

म्हणून कामगार संघटनांना माझं सांगणं आहे, आणि एक श्रोती म्हणून सांगायचा मला अधिकार आहे. कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी कॅज्युअल भावाबहिणींना आपल्या निवेदनात शेवटच्या कलमात नव्हे, पहिल्या कलमात जागा द्यावी. महिन्याला सहा ड्युट्यांची मर्यादा काढा किंवा त्या माणसांना भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि बाळंतपणाची रजा द्या, ही मागणी सर्वांची मिळून असू द्या. रिकाम्या जागा भरा म्हणताना स्थानिक बोली जाणणारी माणसं भरा असं म्हणा. निधी वाढवा म्हणताना तो कायद्याने बांधून द्या म्हणा. आणि दर मागणीपुढे श्रोत्याला काय मिळणार आहे ते दोन ओळींत लिहा. मग बघा, आम्ही तुमच्या धरण्यात सतरंजी टाकून बसतो की नाही.

आणि आपण? आपण पत्रं लिहायची. रेडिओला पत्र लिहिणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. एकेकाळी फर्माईशीसाठी गावंच्या गावं पोस्टकार्डं टाकायची. आमच्या बचत गटांच्या गेल्या बैठकीत ठरलं की प्रत्येकीने आपल्या जवळच्या आकाशवाणी केंद्राला आणि आपल्या खासदाराला एकेक कार्ड टाकायचं. त्यात तीनच प्रश्न. आमच्या केंद्रावर किती पदं रिकामी आहेत? आमच्या बोलीतला, आमच्या तालुक्याचा कार्यक्रम आठवड्यात किती मिनिटं असतो? आणि जी बाई आम्हाला सकाळी ‘नमस्कार’ म्हणते, तिला महिन्यात किती दिवस काम मिळतं? लिहिता न येणाऱ्या सात जणी आहेत. त्यांची कार्डं मी लिहून देणार आहे, अंगठा त्या उठवतील. तुमच्या भिशीत, हळदीकुंकवात, महिला मंडळात हा विषय काढा. कार्ड टाकलंत तर त्यावर आपलं नाव आणि गाव स्पष्ट लिहा, म्हणजे उत्तर न आल्यास पुन्हा विचारता येईल.